अंग पाहून कापड बेतावे

(बी. ए. भाग २)

पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतला होता, तेव्हाची गोष्ट. जुलैच्या पहिल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर 'पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंती' अशी सूचना लागली. नावे नोंदवणाऱ्यांच्या रांगेत मी तिसरी होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इथे जे जे असेल ते सारे आपण करून बघायचे, असा माझा निश्चय होता. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मॅडमना भेटून, "पोटात दुखतंय, मला जमणार नाही," असे सांगून मी नाव काढून घेतले.

पोट दुखत नव्हते. दुखणे निराळेच होते. दोन दिवस चिखलातून, पावसातून, बांधावरून आणि ओढ्यातून चालायला मला घालता येईल असा एकही कपडा कोल्हापुरातल्या पाच दुकानांत मला मिळाला नव्हता. पदभ्रमंतीसाठी जे टी-शर्ट आले होते त्यांत सर्वांत मोठा 'एक्सएल' होता आणि तो माझ्या दंडातच अडकला. हे मॅडमना सांगायची लाज वाटली. पोटदुखी सांगायला लाज वाटत नाही. ती कुणालाही होते.

वार्षिकांकात या विषयावर लेख द्यावा की नाही, याचा मी बराच विचार केला. कविता दिली असती तर बरे झाले असते, असे मैत्रिणीही म्हणाल्या. पण माझ्यासारख्या अंगाने भरलेल्या मुली आणि मुले आपल्या महाविद्यालयात बरीच आहेत. ती मैदानावर दिसत नाहीत, सहलीला दिसत नाहीत, श्रमसंस्काराच्या शिबिरात असलीच तर स्वयंपाकाच्या गटात असतात. त्यांना आळशी समजले जाते. त्यांतल्या काहींची अडचण केवळ कापडाची आणि पैशाची आहे, एवढे तरी सर्वांस कळावे, म्हणून हा प्रपंच.

मापाचा घोळ

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "साईज काय?" याचे खरे उत्तर कुणालाच ठाऊक नसते. 'एल', 'एक्सएल' ही अक्षरे म्हणजे शेर-पायली नव्हेत. एका कारखान्याचा 'डबल एक्सएल' दुसऱ्याच्या 'एक्सएल'एवढा निघतो. तिसऱ्याच्या पट्टीवर आकडा असतो, तो छातीचा की कमरेचा हे दुकानदारालाही सांगता येत नाही. माझ्याकडे चार कपडे आहेत आणि त्यांच्यावर चार वेगवेगळी मापे आहेत. अंग मात्र एकच आहे.

ही तयार कपड्यांची मापे आली कुठून, हे शोधायला मी ग्रंथालयात बसले तेव्हा मजेशीर माहिती हाती लागली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. हजारो सैनिकांना एकाच वेळी गणवेश हवे होते, एकेकाचे माप घेत बसायला वेळ नव्हता. तेव्हा ठराविक मापांचे गणवेश घाऊक शिवले जाऊ लागले आणि पुरुषांच्या तयार कपड्यांची मापे त्यातून पुढे रूढ झाली. स्त्रियांची पाळी फार उशिरा आली. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेतकी खात्याने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली. प्रत्येकीची एकोणसाठ मापे! रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेले प्रमाण १९५८ मध्ये तिथे लागू झाले आणि १९८३ मध्ये मागेही घेतले गेले. स्त्रियांची शरीरे चार-सहा आकड्यांत बसत नाहीत हे तोवर सर्वांच्या लक्षात आले होते.

आपल्या देशात तर कित्येक वर्षे परदेशी मापांचे तक्तेच थोडेफार बदलून वापरले गेले. भारतीय शरीरांची स्वतंत्र मापे असावीत म्हणून केंद्र सरकारचे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (जिला आपण 'निफ्ट' म्हणतो) यांनी 'इंडिया साईज' हा प्रकल्प हाती घेतला. पंधरा ते पासष्ट वयाच्या सुमारे पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यायची, अशी ती योजना. त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग ही सहा शहरे निवडली गेली.

पण नुसते मोठे माप काढले की काम भागते, असेही नाही. कारखान्यात एका मधल्या मापाचा कागदी नमुना बनवतात आणि तोच सगळीकडून ठराविक प्रमाणात वाढवत नेतात. माणूस असा वाढत नाही. माझी कंबर मैत्रिणीपेक्षा चौदा इंचांनी जास्त आहे. म्हणून माझा खांदा काही तेवढ्या प्रमाणात रुंद झालेला नाही, की हात लांब झालेले नाहीत. परिणाम असा होतो की मोठ्या मापाचा शर्ट पोटावर बसतो तेव्हा त्याचे खांदे कोपराकडे घसरलेले असतात. मग दुकानदार पुरुषांच्या विभागाकडे बोट दाखवतो. पुरुषांची पँट कमरेत होते, पण नितंबांवर चढत नाही. चढेल अशी घेतली तर पाय वीतभर लांब. ती दुमडून चिखलातून चालायचे म्हणजे दर पावलाला स्वतःच्याच कपड्यावर पाय द्यायचा.

आणि किंमत! एका दुकानात माझ्या मापाची एक ट्रॅक पँट मिळाली, तिची किंमत होती चौदाशे नव्याण्णव रुपये. बाजूलाच लहान मापाची ढीगभर पडली होती, ती साडेतीनशेला. मी विचारले, "एवढा फरक का हो?" विक्रेता म्हणाला, "ताई, तुमचा माल खपत नाही, पडून राहतो." 'तुमचा माल' हे शब्द मला त्या किमतीपेक्षा अधिक लागले.

आईचा सवाल

त्या वर्षी मी घरी बसले. त्याच आठवड्यात आमच्या शेतात रोपलावण होती. आई माझ्यासारखीच अंगाने भरलेली आहे. किंबहुना मी आईसारखी आहे. ती नऊवारीचा कासोटा घट्ट मारून गुडघाभर चिखलात सकाळपासून वाकलेली होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ, वरून धो धो पाऊस. तिचे कापड कुठे अडकत नव्हते, कुठे काचत नव्हते. मी बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या देत होते. "पावनखिंडीला का न्हाई गेलीस?" तिने विचारले आणि मी खरे काय ते सांगितले. आई हसली नाही. हातातली रोपे चिखलात रोवत म्हणाली, "अंग बघून कापड बेतत्यात बाय. कापड बघून अंग बेतल्यालं कुठं ऐकलंयस?"

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण शाळेत लिहितो. पण अंथरूण शिवणाऱ्याने एकदा तरी पाय पाहावेत की नाही? आई बोलून गेली ते माझ्या डोक्यात वर्षभर राहिले.

विचार केला तर असे दिसते की उघड्यावर कष्ट करणाऱ्या आपल्या माणसांच्या जुन्या पोशाखात 'माप' ही भानगडच नव्हती. नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याला ना शिवण ना काज. बारीक बाईने नेसले तर निऱ्या जास्त पडतात, जाड बाईने नेसले तर कमी. कासोट्यामुळे दोन्ही पाय सुटे होतात, मांड्यांच्या मध्ये कापड येते, वाकता येते, ओढा ओलांडता येतो. धोतराचेही तसेच. पावसासाठी बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले. ते डोक्यापासून पाठीपर्यंत झाकते, अंगाला चिकटतच नाही. धनगराची घोंगडी एका टोकाला दुमडली की खोळ झाली. या साऱ्या वस्तू अंगावर चढवायच्या नसून अंगाभोवती घ्यायच्या आहेत. म्हणून त्या सासूच्या सुनेला आणि बापाच्या लेकाला होतात.

मी नऊवारी नेसून पदभ्रमंतीला जावे असे माझे म्हणणे नाही. मला ती नीट नेसताही येत नाही, आणि ओले झालेले सव्वाआठ मीटर सुती कापड दोन दिवस वागवणे सोपे नाही. पण त्या पोशाखातले तीन गुण मात्र मी टिपून ठेवले: मांडीला मोकळीक, दोन मांड्यांच्या मध्ये कापड, आणि कमरेला हवे तसे आवळता येणारे बंधन. शिवलेल्या कपड्यात हे तीन गुण आणता येतील का?

आणखी एक गोष्ट जाता जाता. आपले कोल्हापूर हे पैलवानांचे गाव. खासबागेत भारी वजनाचा मल्ल उतरला की लोक उभे राहतात. तालमीतल्या त्या अंगाला आपण मान देतो, त्याच्या खुराकाच्या गोष्टी कौतुकाने सांगतो. पैलवानाचा लांगही त्याच्या मापानेच शिवलेला असतो. बाजारातला लांग बसत नाही म्हणून कुणी पैलवान घरी बसल्याचे ऐकिवात नाही. मुलगी अंगाने थोराड असली की मात्र 'जागा द्या, जागा द्या' सुरू होते. असो.

कापड कोणते?

दुसऱ्या वर्षाच्या जुलैची वाट न पाहता मी मार्चपासूनच तयारीला लागले. चौथीच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन बाराशे रुपये साठवले होते. आधी प्रश्न आला कापडाचा.

सुती कापड अंगाला उत्तम, असे आपण लहानपणापासून ऐकतो. उन्हाळ्यात ते खरे आहे. कापसाचा धागा पाणी पितो. साध्या हवेतही शंभर ग्रॅम कोरड्या कापसात सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी असते. पॉलिएस्टरच्या धाग्यात ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. घामाच्या दिवसांत हा कापसाचा गुण. आषाढाच्या पावसात तोच दोष. भिजलेले सुती कापड जड होते, वाळत नाही, अंगाला चिकटते. मसाईच्या पठारावर वारा सुटला की चिकटलेले ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. जीन्सची गत तर सर्वांत वाईट. जाड सुती वीण, भिजली की गुडघा वाकत नाही. आणि जाड व्यक्तीच्या बाबतीत एक वेगळे दुखणे असते, त्याविषयी कुणी लिहीत नाही: चालताना मांड्या एकमेकींवर घासतात. ओल्या जाड शिवणीने दोन तासांत कातडे सोलवटून निघते. मग पुढचे प्रत्येक पाऊल म्हणजे मिरची.

निव्वळ पॉलिएस्टर लवकर वाळते, पण त्यात घाम कोंडतो आणि वासही लवकर येतो. म्हणून मधला मार्ग म्हणजे टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्रण. आपल्या शाळेच्या गणवेशाचे कापड बहुधा हेच असते. गणवेशाच्या कापडात फॅशन नसते, ते घाऊक विणले जाते आणि पोरांच्या आडदांडपणाला पुरून उरावे म्हणून घट्ट असते. त्यामुळे ते स्वस्त पडते. गांधीनगरच्या कापडपेठेत मला अठ्ठावन्न इंच पन्ह्याचे निळे टेरिकॉट एकशेचाळीस रुपये मीटरने मिळाले.

पन्हा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नेहमीच्या अंगाच्या मुलीच्या पँटचे चारही भाग अठ्ठावन्न इंचांच्या पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात, म्हणून तिला एकाच उंचीचे, म्हणजे सव्वा मीटरच्या आत कापड पुरते. माझे चार भाग त्यात मावत नाहीत, म्हणून दुप्पट उंचीचे, सव्वादोन मीटर घ्यावे लागले. जाड माणसाला कापड जास्त लागते हे खरेच आहे. दुकानदाराची बाजू तेवढी मान्य. पण जादा लागलेल्या एका मीटरची किंमत एकशेचाळीस रुपये होती. साडेतीनशे आणि चौदाशे नव्याण्णव यांतला फरक त्या एका मीटरने भरून निघत नाही.

टेप कुठे लावावी?

आमच्या गल्लीतल्या काकी ब्लाऊज आणि सलवार शिवतात. त्यांना मी पँट शिवायला सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पँट कधी केली न्हाई, पण बघू." दोघींनी मिळून पहिला प्रयोग जुन्या चादरीवर केला. तो शहाणपणा काकींचा. चादरीची पँट घालून मी उकिडवी बसले मात्र, मागून टर्रकन आवाज आला. काकी, आई आणि मी पोट धरून हसलो. ते पोटदुखी आणणारे हसू गेल्या वर्षीच्या पोटदुखीवरचे औषधच होते.

फाटले ते आसनात, म्हणजे दोन्ही पाय जिथे मिळतात त्या जागी. चूक अशी झाली होती की आम्ही कंबर, सीट आणि उंची एवढीच मापे घेतली होती आणि आसन नेहमीच्या अंदाजाने ठेवले होते. पोट आणि नितंब भरलेले असले की आसनाला जास्त लांबी लागते. मग पुन्हा मापे घेतली. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी ती पद्धत इथे देते.

कंबर उभ्याने मोजावी आणि बसूनही मोजावी. बसल्यावर माझी कंबर तीन इंचांनी वाढते. बसलेले माप खरे धरावे. चढताना, बसताना, ओढा ओलांडताना आपण सतत वाकत असतो. सीट जिथे सर्वांत जास्त भरते तिथे मोजून त्यात चार इंच मोकळीक मिळवावी. मांडीचा घेर वेगळा मोजावा. हे माप कुणी विचारत नाही, पण चालताना काम मांडीलाच पडते. आसनासाठी टेप पुढे कमरेपासून पायांच्या मधून मागे कमरेपर्यंत न्यावी आणि पुढचा भाग किती व मागचा किती हे अलग लिहून ठेवावे. वर शर्ट शिवायचा असेल तर छाती, पोट, दंड आणि मुंढा ही चार मापे हवीतच. दंड विसरला तर माझ्यासारखी गत होते.

आसनाच्या जागी आम्ही एक चौकोनी तुकडा जोडला. चार शिवणी एकाच टोकाला आल्या की ओढ त्या एका टोकावर येते आणि तिथेच कापड सुटते. मध्ये तुकडा घातला की ओढ चारी बाजूंना वाटली जाते आणि शिवणी घासण्याच्या नेमक्या जागेवरून दूर सरकतात. कासोट्याने जे काम होते ते इथे वीतभर तुकड्याने झाले.

दुसरी युक्ती मायेची. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. तयार कपड्यात कापड वाचवण्यासाठी माया जेमतेम ठेवलेली असते, त्यामुळे तो उसवून मोठा करता येत नाही. काकींनी बाहेरच्या शिवणीत प्रत्येक भागाला इंचभर माया ठेवली. पँट घालून मी आमच्या शेताचे बांध चढून-उतरून पाहिले तेव्हा मांडीत ओढ लागत होती. पुढच्या आणि मागच्या भागाची अर्धा अर्धा इंच माया सोडली, मांडीत एक इंच वाढला आणि काम झाले. कपड्यात माया असावी, हे मला त्या दिवशी दोन्ही अर्थांनी पटले.

टी-शर्ट मात्र शिवून घेण्यात अर्थ नव्हता. तो सुईने विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा असतो, आणि असे कापड काकींच्या यंत्रावर नीट शिवले जात नाही. आठवडी बाजारात पुरुषांचा लवकर वाळणारा 'ट्रिपल एक्सएल' अडीचशेला मिळाला. तो सीटवर अडकत होता, म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार इंचांची चीर देऊन कडा शिवून घेतल्या. पँटच्या आत घालायला सायकल चालवणारे घालतात तशी ताणली जाणारी अर्धी चड्डी घेतली. तिच्यातला ताण एका खास धाग्यामुळे येतो. तो १९५८ साली जोसेफ शिव्हर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ड्यू पाँ कंपनीत शोधला आणि लायक्रा या नावाने तो जगभर पोचला. ही चड्डी अंगाला चिकटून राहते, त्यामुळे कातडे कातड्यावर न घासता कापड कापडावर घासते. मांड्यांना वरून खोबरेल लावले की आणखी बरे. रेनकोट घेतलाच नाही. माझ्या मापाचा होता तो महाग होता, आणि आत घामाने भिजायचेच होते. आईच्या खोळीसारखा जाड प्लॅस्टिकचा मोठा कागद घेतला. तो पाठीवरच्या पिशवीसकट सगळे झाकतो.

जमाखर्च

पँटचे कापड ३१५ रुपये, शिलाई २००, इलॅस्टिक, नाडी आणि दोरा मिळून ३५. म्हणजे पँट ५५० रुपयांना पडली. टी-शर्ट २५०, आतली चड्डी १९०, प्लॅस्टिकचा कागद ८०. एकूण १,०७० रुपये. दुकानातली नुसती पँट १,४९९ ची होती. उरलेल्या १३० रुपयांचे मी काकींना पेढे आणि वेणी दिली. शिलाईही त्या घ्यायला तयार नव्हत्या.

बूट जुनेच वापरले. एवढेच सांगते की ज्यांचा पाय रुंद आहे अशा मुलींनी पुरुषांचे बूट घालून पाहावेत.

आणि मग पावनखिंड

यंदा जुलैत मी गेले. १६६० सालच्या अशाच जुलैत, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज भर पावसात रात्रीतून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने चालण्याचे भाग्य मला लाभले. इतिहास माझा ऐच्छिक विषय आहे. पण त्या रात्रीचे मोल पुस्तकात वाचून कळते त्याहून चिखलात पाय रुतल्यावर जास्त कळते.

सारे सुरळीत झाले असे सांगितले तर ती थाप होईल. मी शेवटच्या गटात होते. मसाईच्या चढाला मला इतरांच्या दुप्पट वेळ लागला. पठारावर पँट भिजून जड झाल्यावर इलॅस्टिक खाली सरकू लागले. आत नाडी होती म्हणून निभावले. नुसत्या इलॅस्टिकवर कुणी विसंबू नये. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा माझ्याभोवती पुरला नाही, तो मी जुन्या ओढणीने बांधला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, जीन्स घालून आलेल्या दोघी मैत्रिणी फेंगडत चालत होत्या तेव्हा माझ्या मांड्यांना ओरखडाही नव्हता. माझ्याजवळचे खोबरेल मी त्यांना दिले.

वाटेत एका खाचरात बायका रोपे लावत होत्या. कासोटा मारलेल्या, डोक्यावर खोळी घेतलेल्या. माझ्या डोक्यावरही तशीच खोळ. त्यांतली एक आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "कुठल्या गावची गं तू? ये की, दोन वाफं लावून जा!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यात मला कुठेच टोचणारे काही ऐकू आले नाही. पांढरपाण्याला पोचेपर्यंत मी ते आठवत होते. संध्याकाळी पावनखिंडीत सर्वांत शेवटी उतरले आणि त्या पाण्यात हात बुडवला.

हा लेख माझ्या यशाची कथा म्हणून लिहिलेला नाही. माझे वजन तेवढेच आहे, चढाला दम तेवढाच लागतो. पण चालायला न मिळता दम वाढणार तरी कसा? 'आधी बारीक हो, मग मैदानावर ये' असे आम्हांस पुष्कळ जण सांगतात. मैदानावर यायला लागणारा कपडा मात्र कुणी देत नाही.

म्हणून जिमखान्याच्या सरांना आणि मॅडमना नम्र विनंती आहे की पदभ्रमंतीचे टी-शर्ट मागवण्यापूर्वी नोंदणीच्या कागदावर नावापुढे छातीच्या मापासाठी एक रकाना ठेवावा. अक्षर नको, इंच लिहून घ्यावेत. माप सर्वांसमोर मोठ्याने विचारू नये. आणि ज्या मैत्रिणींची येत्या जुलैत 'पोटदुखी' उद्भवणार असेल त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवसाची वाट न पाहता मे महिन्यातच मला गाठावे. टेप माझ्या पिशवीत असते, आणि काकींना आता पँट येते.